कुंदाकाकूंची नोकरी

कुंदाकाकू निकम यांना रंगीत साडीत मी एकदाच पाहिलं. एरवी बारा महिने त्या राखाडी नाहीतर मळकट पांढऱ्या साडीत असत. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात नव्याने आलेली एखादी बाई त्यांना पाहून चुकचुकायची. विधवा बाई, बिचारी, अजून पांढऱ्यातच आहे, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. काकूंना त्याची मनातून मजा वाटे.

"अगं, मी लाल नेसले तर समोरच्या सगळ्या कापडावर लाली पडते," त्यांनी मला एकदा सांगितलं. "गिऱ्हाइकाने पिस्ता आणला आणि मी रानी गुलाबी नेसून बसले, तर मला पिस्ता दिसेल का? यांना जाऊन तीस वर्षं होत आली. त्यांच्यासाठी नेसून राहिले असते तर केव्हाच कंटाळले असते."

त्यांचं मॅचिंगचं दुकान होतं. ब्लाऊजपीस, अस्तर, साडीचा फॉल, परकराचं कापड. लश्कर भागातली ती जुनी गल्ली आधीच अरुंद, त्यात काकूंचं दुकान आठ फुटांचं. बायका पिशवीतून साडी घेऊन येत आणि तिला जुळणारं अस्तर नाहीतर फॉल मागत. अशी दुकानं त्या गल्लीत आणखीही होती. तिथला माणूस दहा ताके फडाफड उघडून "एकदम सेम टु सेम है, दीदी" म्हणायचा आणि बाई घरी जाऊन कपाळाला हात लावायची. काकू आत बसून कधीच रंग पक्का करत नसत. साडीचा पदर एका चिमटीत, कापडाचं टोक दुसऱ्या चिमटीत, असं धरून त्या उठायच्या आणि उंबऱ्यावर यायच्या. "आत ट्यूबलाइटखाली सगळंच जुळतं. दारात ये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हिंदी गिऱ्हाइकाला हिंदीत, मराठीला मराठीत.

पण दारातही ऊन पडायला हवं ना! गल्लीवर दोन्हीकडच्या दुकानांच्या ताडपत्र्या एकमेकींना टेकलेल्या. काकूंच्या उंबऱ्यावर खरं ऊन पडायचं ते दुपारी बाराच्या सुमाराला, जेमतेम पाऊण तास. सोपे रंग त्या केव्हाही देत. मोरपंखी, काई म्हणजे शेवाळी हिरवा, तपकिरी कत्थईकडे झुकणारा जांभळा, असले फसवे रंग आले की सरळ सांगायच्या, "बारह बजे आइए." कितीही घाई असो. लग्नसराईत पावणेबाराला त्यांच्या उंबऱ्यासमोर बायकांची रांग लागे. समोरचा जरीवाला त्या वेळेला "चाचीजी का मुहूर्त" म्हणायचा. आकाशात ढग असले की त्या दिवशी दुकानात जांभळा विकला जात नसे.

रंग ठरला की कापड फाडायचं, कापायचं नाही. गळ्यात लेसला कात्री अडकवलेली असायची. तिने काठाला एवढीशी चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी फर्रर्र. मापावर चार बोटं जास्तच. "शिंपी चुकतो, आपण कशाला चुकायचं?" असं त्यावर त्यांचं स्पष्टीकरण.

मी त्या उन्हाळ्यात बी.कॉम. झाले होते. फर्स्ट डिव्हिजन. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात त्या डिव्हिजनचं कौतुक पंधरा दिवस टिकलं. सोळाव्या दिवशी सकाळी बाबांनी पेपरमधून मान वर करून विचारलं, "मग, आता?" त्यानंतर हा प्रश्न आमच्या घरी वरणभातासारखा रोजचा झाला. आमचे पूर्वज दख्खनेतून लेखणी कानाला अडकवून इथे आले, निकमांचे तलवार घेऊन आले. तराजू कोणीच आणला नाही. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी असं आपले वाडवडील म्हणत असतील, पण ग्वाल्हेरच्या मराठी घरांत त्याचा क्रम केव्हाच उलटा झाला आहे. नोकरी नाही तर माणूस नाही.

तर पहिल्या मुलाखतीसाठी आईने तिची फिरोजी साडी काढून दिली आणि ब्लाऊजपीस आणायला मला काकूंकडे पाठवलं. काकूंनी साडी पाहिली, मला पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"कशाला पाहिजे?"

"इंटरव्ह्यू आहे, काकू. परवा."

"काय शिकलीस?"

"बी.कॉम."

"थर्ड ईयरला विपणन होतं का?"

मला वाटलं, या चेष्टा करत आहेत. मी हो म्हटलं. किती मार्क मिळाले, तेही त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी गळ्यातली कात्री काढून गल्ल्यावर ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस. ऊन यायला अजून वेळ आहे."

मग अस्तराच्या थप्पीखालून त्यांनी एक पुस्तक काढलं. खाकी कव्हर, त्यावर चौकोनी लेबल आणि शाळकरी मुलीच्या ठसठशीत अक्षरात: श्रीमती कुंदा निकम, बी.कॉम. तृतीय वर्ष, प्रायव्हेट. वय वर्षं सत्तावन्न. तिन्ही वर्षांचे सगळे पेपर सुटले होते, फक्त विपणनात सप्लीमेंट्री, म्हणजे फेरपरीक्षा, आली होती. विपणन म्हणजे माल बाजारात कसा विकावा याचं शास्त्र. ज्या बाईने आयुष्यभर त्याच बाजारात माल विकला ती नेमकी त्याच विषयात नापास झाली होती, आणि गल्लीत ही गोष्ट कोणालाही ठाऊक नव्हती.

"तू मला हे शिकव," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या इंटरव्ह्यूची सगळी ब्लाऊजं जुळवून देते."

त्यांना वाटलं होतं दोन-तीन ब्लाऊजांत काम होईल. मलाही तसंच वाटलं होतं.

मी त्यांची जुनी उत्तरं वहीत लिहून मागितली, तेव्हा नापास होण्याचं कारण कळलं. ग्राहकाचं समाधान कसं करावं, या प्रश्नाला पुस्तकात सहा मुद्दे आहेत. काकूंनी लिहिलं होतं: ग्राहक को पहले बैठाइए. पानी पूछिए. वह जो माँगे वह तुरंत मत दिखाइए, पहले पूछिए कि किसकी शादी है. पुढे अडीच पानं असंच. मला ते वाचून इतकं हसू आलं की मी तोंडावर ओढणी धरली. मग लाजही वाटली, कारण माझं सहा मुद्द्यांचं उत्तर मला पाठ होतं आणि त्यातला एकही मुद्दा मी कधी माणसावर करून पाहिलेला नव्हता.

शिकवणी म्हणजे रोजचं भांडण. पुस्तकात विपणनाचे चार आधारस्तंभ होते, त्यातला चौथा संवर्धन.

"म्हणजे काय?"

"जाहिरात वगैरे, काकू."

"मी कधी केली नाही. तरी बायका येऊन राहिल्या आहेत ना?"

"अहो पण बुक में तो यही लिखा है ना! एग्झामिनरला चारच पाहिजेत."

"म्हणजे मी खोटं लिहू?"

"खोटं नाही हो, त्याला पाहिजे ते लिहा."

काकूंनी पुस्तक उलटं करून मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. गिऱ्हाईक समजते त्याला. त्याला फिरोजी पाहिजे, मी आकाशी कशाला दाखवू?" त्या दिवसापासून त्यांची गाडी रुळावर आली. एग्झामिनर हे एक चिकट गिऱ्हाईक आहे एवढं मनाशी धरून त्यांनी सगळं पुस्तक घोकलं. फाडायच्या कापडावर मोजपट्टी ठेवता ठेवता त्या "उत्पाद, मूल्य, स्थान, संवर्धन" असं पुटपुटायच्या. एका बाईला वाटलं, मंत्र म्हणत आहेत. तिने हात जोडले.

माझ्या मुलाखती चालूच होत्या. प्रत्येक मुलाखतीनंतर मी दुकानात येऊन पडेल चेहऱ्याने बसायची. काकूंचा एकच प्रश्न असे, "त्यांनी काय विचारलं ते नको सांगू. तू त्यांना काय विचारलंस?" मी कधीच काही विचारलेलं नसायचं. "आंधळ्यासारखं कापड घेतेस," त्या म्हणायच्या. माझ्या घरी मला एवढं कोणी बोललं असतं तर मी दोन दिवस जेवले नसते. काकूंचं मात्र लागत नसे, कारण बोलून झालं की त्या बशीतला अर्धा चहा माझ्याकडे सरकवायच्या.

एकदा पाऊस नव्हता पण आभाळ गच्च भरलेलं होतं, गिऱ्हाईक एकही नव्हतं. मी धीर करून विचारलं, "काकू, या वयात डिग्री कशाला? दुकान तर छान चालतंय."

काकूंनी गळ्यातली कात्री हातात घेतली आणि त्या सांगू लागल्या. त्यांचे यजमान एका सरकारी खात्यात होते. ते अचानक गेले तेव्हा काकू सत्तावीस-अठ्ठावीसच्या, पदरात लहान मुलगी. खात्यात पतीच्या जागी पत्नीला नोकरी देतात, म्हणून सासऱ्यांनी त्यांना तिकडे नेलं. काकूंचं कॉलेज लग्नामुळे दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. साहेबांनी कागद पाहिले आणि सांगितलं, ग्रॅज्युएट असत्या तर टेबल-खुर्ची मिळाली असती. आता पाणी पाजायचं, फायली उचलायचं काम आहे. इथे सही करा.

"मी सही केली नाही. उठून आले. सगळे म्हणाले, कुंदाने सरकारी नोकरी नाकारली, काय हिंमत! मुलीला मोठी करून, लग्न करून भोपाळला पाठवली, तिलाही हेच सांगितलं." काकू कात्रीशी चाळा करत होत्या. "पण मला माहीत आहे ना. ते काही नाकारणं नव्हतं. मी रडत पळून आले होते. दुकान घातलं ते दुसरं काही येत नव्हतं म्हणून. नाही म्हणायला आधी कोणी नीट विचारायला पाहिजे, हो की नाही? एकदा कोणीतरी मला चांगली, टेबल-खुर्चीची नोकरी द्यावी. आणि मी सांगावं, नको. बस, एवढंच पाहिजे मला."

मला तर कोणीही कसलीही नोकरी दिली असती तरी मी हो म्हणून पायात चपला घालायला निघाले असते.

सप्लीमेंट्रीचा पेपर सकाळचा होता. काकू अकरानंतर थेट दुकानात आल्या आणि शटर अर्धं वर करून आधी पाणी प्यायल्या. सगळं पुस्तकातलंच लिहिलं म्हणाल्या. मग हळूच कबुली दिली, "एका प्रश्नात जरा चुकले. वेष्टनात रंगाचं महत्त्व विचारलं होतं. तिथे मला राहवलं नाही. दोन पुरवण्या घेतल्या." मी कपाळावर हात मारला. पुढचा दीड महिना त्या पुरवण्यांनी मला काकूंपेक्षा जास्त छळलं.

निकाल लागला तो नेमका बाराच्या सुमाराला. मी मोबाइल घेऊन धावत दुकानात गेले तर काकू उंबऱ्यावर एका बाईचा जांभळा शालू पाहत होत्या. "थांब, ऊन जाईल," म्हणाल्या. त्यांनी शालूचं अस्तर पक्कं केलं, चीर दिली, फाडलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि मग सवयीने माझ्या हातातला मोबाइल घेऊन उन्हात धरला. उन्हात पडद्यावर काहीच दिसेना. त्यांनी तो तिरका केला, डोळ्यांजवळ नेला, सावली धरली. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून आत ट्यूबलाइटखाली आणलं. उत्तीर्ण. काकूंनी तो शब्द बोटाने दोनदा पुसून पाहिला. मग मला म्हणाल्या, "तुझे फर्स्ट डिव्हिजनचे मार्क कामाला आले एकदाचे," आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मला माझ्या स्वतःच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता.

डिग्री झाली, नोकरी राहिली. त्या वयात नोकरी देणार कोण? पण दसऱ्याच्या आधी हमरस्त्यावर लग्नाच्या कपड्यांचं एक भलं मोठं शोरूम उघडलं आणि त्यांची जाहिरात आली: फ्लोर मॅनेजर चाहिए, ग्रॅज्युएट, अनुभव को प्राथमिकता, आयु सीमा नहीं. आम्ही दोघींनीही अर्ज केला. सकाळी मी काकूंना आणायला दुकानाशी गेले, तर शटरसमोर डाळिंबी साडी नेसलेली कोणी उंच बाई पाठमोरी उभी होती. मी तिला ओलांडून पुढे जाणार, एवढ्यात ती म्हणाली, "चल, उशीर होऊन राहिला."

"काकू! तुम्ही?"

"आज दुकान बंद. आज कोणाचं काही जुळवायचं नाही."

शोरूममध्ये माझा निकाल चार मिनिटांत लागला. काकूंच्या वेळी मी काचेबाहेरच्या खुर्चीवर बसले होते, दार अर्धं उघडं होतं. टाय लावलेला मॅनेजर माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने विचारलं, "आंटी, पाँच साल बाद आप खुद को कहाँ देखती हैं?"

"पाँच साल बाद मैं बासठ की हो जाऊँगी, बेटा," काकू म्हणाल्या. "कहाँ देखूँगी? आईने में."

तो हसला. मग त्याने एक भारी लेहंगा आणि त्याची ओढणी टेबलावर ठेवून विचारलं की गिऱ्हाइकाला ही जोडी कशी दाखवाल. काकूंनी दोन्ही चिमटीत धरलं आणि त्या उठल्या. मला पाहूनच कळलं की आता काय होणार. त्या सरळ चालत सुटल्या. रचून ठेवलेल्या साड्यांमधून, आरशांच्या मधून, थेट मुख्य दाराकडे. दारातून बाहेर पाऊल पडताच चोरीची घंटा कोकलायला लागली. गार्ड धावला. "अम्मा, कहाँ? कहाँ लेके?"

"उजाले में," काकू शांतपणे म्हणाल्या आणि फुटपाथवर उभ्या राहिल्या.

मागून मॅनेजर धापा टाकत आला. काकूंनी लेहंगा आणि ओढणी उन्हात शेजारी शेजारी धरली आणि काही न बोलता त्याला दाखवली. आत जो एकच गाजरी दिसत होता तो बाहेर दोन झाला होता. लेहंगा गाजरी, ओढणी विटकरी. मॅनेजर बघतच राहिला. त्याने गार्डला आणखी दोन जोड्या आणायला पाठवलं. घंटा पुन्हा पुन्हा वाजत होती, आणि रस्त्यावरची माणसं थांबून चोर शोधत होती. तिन्ही जोड्या फसलेल्या निघाल्या. त्यानंतर मुलाखत अशी झालीच नाही. संध्याकाळी काकूंच्या नावाने छापलेलं पत्र घेऊन शोरूमचा माणूस आला. पद, टेबल, दोन मदतनीस मुली, रविवारी नाही पण मंगळवारी सुट्टी. सोमवारपासून या.

मला वाटलं, काकू तिथल्या तिथे नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "सोचकर बताती हूँ."

दोन दिवस त्यांनी ती नोकरी अंगावर मिरवली. चहावाल्याला सांगितलं, जरीवाल्याला सांगितलं, भोपाळला फोन झाला. जरीवाला चांगलाच हादरला. "चाचीजी, फिर बारह बजे का क्या होगा?" असं त्याने खरंच काळजीने विचारलं. काकू नुसतं "देखते हैं" म्हणायच्या. मीही घाबरले होते. टेबल-खुर्ची, थंड हवा, हाताखाली माणसं. या वयात बसून काम. कोणाला मोह पडणार नाही? तिसऱ्या दिवशी पुन्हा राखाडी साडी नेसून त्या दुकानात बसल्या होत्या. मला समोर बसवून त्यांनी फोन लावला, आवाज मोठा ठेवला.

"बेटा, निकम बोल रही हूँ. नौकरी बहुत अच्छी है. सब ठीक लिखा है. पर मुझे नहीं करनी."

पलीकडून त्याने विनवण्या केल्या, पगार वाढवून देतो म्हणाला. काकूंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला आता वाटतं, त्या ते ऐकतच राहिल्या असत्या. मग पुन्हा, तितक्याच गोडीने, "नहीं बेटा," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी पाणी दिलं.

"तीस वर्षं मी इथे बसून राहिले ना," त्या म्हणाल्या, "ते आज माझ्या मर्जीचं झालं."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "चल, उठ. बारा वाजले. ती काईवाली केव्हाची उभी आहे."

माझंही पुढे बरं झालं. इंदूरला एका कपड्याच्या कारखान्यात मुलाखत झाली, तिथे त्यांनी अनुभव विचारला, मी मॅचिंगचं दुकान सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही त्यांना उलट दोन प्रश्न विचारले. आता मी तिथे कापडाच्या छटा तपासते. त्यासाठी एक मोठी पेटी आहे, तिच्यात दिव्यांनी दुपारचं ऊन तयार करतात. फोनवर हे सांगितलं तेव्हा काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "पेटीत ऊन!" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पुढच्या वर्षी दिवाळीला घरी आले तेव्हा नया बाजारातून फराळाचं सामान घेऊन मुद्दाम गल्लीतून वळले. लग्नाची गिऱ्हाइकं, धक्काबुक्की, हातात दोन पिशव्या. मी समोर जरीवाल्याच्या पायरीवर थांबले. काकूंच्या दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी आता आणखी एक तसबीर होती, चांगली सोनेरी चौकटीची. मला वाटलं डिग्री असेल. डिग्री तर, जरीवाल्याने सांगितलं, फॉलच्या रिकाम्या खोक्यात ठेवली आहे. चौकटीत होतं ते शोरूमचं पत्र.

एक नवखी बाई अस्तराची वाट पाहत ते वाचत होती. वाचून झाल्यावर तिने काकूंच्या राखाडी साडीकडे पाहिलं, त्या आठ फुटांच्या दुकानाकडे पाहिलं.

"चाचीजी, आपकी नौकरी लगी थी?"

काकू तिच्या साडीचा पदर चिमटीत धरून उंबऱ्यावर आल्या होत्या. ऊन नुकतंच पोचलं होतं. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"लगी थी," त्या म्हणाल्या. "मैंने मना कर दिया."